इंग्रजी शब्दाचे दोन उच्चार ऐकू आले तर कोणता धरावा?

एखाद्या इंग्रजी शब्दाचे दोन उच्चार कानावर पडले, की त्यातला एक चुकीचाच असणार असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा लिहिलं तसं वाचायची मराठीची सवय असल्यामुळे ते साहजिक आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही उच्चार बरोबर असणं ही रोजची बाब आहे. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी शब्द कोणत्या गटातला आहे, याचा विचार करावा.

पायरी १ : गट ओळखा

पहिला गट प्रदेशाप्रमाणे बदलणाऱ्या उच्चारांचा. वेळापत्रक या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘शेड्यूल’ आणि अमेरिकेत ‘स्केज्युल’ (तिथून तो ब्रिटनच्या तरुण पिढीतही रुळला आहे). खासगीपणासाठी ब्रिटनमध्ये बहुधा ‘प्रिव्हसी’, अमेरिकेत ‘प्रायव्हसी’. फुलदाणी ब्रिटनमध्ये ‘व्हाझ’, अमेरिकेत ‘व्हेस’. सैन्यातला ‘लेफ्टनंट’ अमेरिकेत ‘लूटेनंट’ होतो. ‘ईदर’ आणि ‘आयदर’ तर दोन्ही देशांत ऐकू येतात. ‘ऑफन’ आणि ‘ऑफ्टन’ यांचंही तसंच. त्यातला टी बहुतेकांच्या बोलण्यातून गळून पडला होता, पण स्पेलिंग पाहून लोक तो पुन्हा उच्चारू लागले. आज शब्दकोश दोन्ही रूपं देतात. या गटात कोणाला दुरुस्त करायला जाऊ नका.

दुसऱ्या गटात उच्चार बदलला की शब्दाचं काम बदलतं. नोंद या अर्थाचं नाम ‘रेकॉर्ड’ म्हणताना जोर ‘रे’वर येतो. नोंदवणे हे क्रियापद ‘रिकॉर्ड’ होतं आणि जोर ‘कॉ’वर जातो. परमिट, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, कंडक्ट हे शब्द याच चालीचे. वापर या अर्थाचा ‘यूस’ आणि वापरणे या अर्थाचा ‘यूझ’ यांचं स्पेलिंग एकच आहे, फक्त शेवटचा आवाज वेगळा. हा नियम सगळीकडे लावत सुटू नये. ‘रिपोर्ट’, ‘कंट्रोल’, ‘व्हिजिट’ या शब्दांत नाम असो वा क्रियापद, जोर हलत नाही.

तिसरा गट सरळ चुकांचा, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा स्पेलिंगमध्ये असतं. ‘डिटर्मिन’चं ‘डिटरमाइन’ होतं, कारण ‘माइन’ हा शब्द आपल्या ओळखीचा असतो. ‘प्रनन्सिएशन’चं ‘प्रोनाउन्सिएशन’ होतं, कारण क्रियापद ‘प्रनाउन्स’ आहे. पुरणे या क्रियापदाचा उच्चार ‘बेरी’ आहे, ‘बरी’ नाही. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला आणि हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. दीर्घ स्वर मात्र त्याच सुमारास आणि पुढे दोनेक शतकं बदलत राहिले. शिवाय काही अक्षरं विद्वानांनी मागाहून घुसडली. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी लॅटिन मूळ दिसावं म्हणून आला, तो कधी उच्चारला जावा असा हेतूच नव्हता. पावतीच्या ‘रिसीट’मधला पी त्याच वाटेने आला.

पायरी २ : शब्दकोश नीट वाचा

केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार वेगवेगळे ऐकता येतात, सुरुवात तिथून करावी. अमेरिकन उच्चारातले बारकावे हवे असतील तर मेरियम-वेबस्टर पाहावा. तिथे स्वल्पविरामाने दोन उच्चार दिले असतील, तर पहिला श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असं समजू नये. कोणता तरी आधी छापावाच लागतो. उच्चारापूर्वी ‘ऑल्सो’ लिहिलं असेल तर तो उच्चार कमी प्रचारात आहे. भागाकाराचं चिन्ह असेल तर तो पुष्कळ लोक वापरतात, पण काहींना तो खटकतो. अणूशी संबंधित ‘न्यूक्लिअर’चा ‘न्यूक्युलर’ असा उच्चार तिथे याच चिन्हासह येतो.

दोन खुणा ओळखता आल्या तरी काम भागतं. वर छापलेली छोटी उभी रेघ ज्या तुकड्याच्या आधी असते, त्यावर जोर. आणि उलटं छापलेलं छोटं रोमन ई म्हणजे ओझरता ‘अ’. इंग्रजीत हा स्वर सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि मराठी बोलणाऱ्यांकडून सगळ्यांत जास्त निसटतो, कारण आपण प्रत्येक स्वराला त्याचं पूर्ण माप देतो.

शब्द वाक्यात ऐकायचा असेल तर यूग्लिश ही वेबसाइट उपयोगी पडते. तिथे खऱ्या व्हिडिओंतल्या तो शब्द आलेल्या जागा देशानुसार निवडता येतात. यंत्राच्या आवाजावर मात्र विसंबू नका. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दात नाम आहे की क्रियापद, हे त्याला दरवेळी कळतंच असं नाही.

पायरी ३ : आधी जोर, मग स्वर

स्वर थोडा इकडेतिकडे झाला तरी ऐकणारा समजून घेतो. जोर चुकीच्या जागी पडला तर शब्दच ओळखू येत नाही. म्हणून आधी तुकडे मोजा. ‘कम्फर्टेबल’ लिहिण्यात चार तुकड्यांचा आहे, बोलण्यात बहुधा तीनच उरतात : कम्फ्-ट-बल. ‘व्हेजिटेबल’ही तसाच, व्हेज्-ट-बल.

मग जोराचा तुकडा शोधा. फोटो काढणारी व्यक्ती ‘फोटोग्राफर’ नव्हे, ‘फ-टॉग्-र-फर’, जोर ‘टॉग्’वर. फोटोला ‘फो-ट-ग्राफ’ म्हणताना जोर ‘फो’वर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तो ‘ग्रा’वर. शब्दाच्या शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येतो. ‘पॉलिटिक्स’ या चालीला अपवाद आहे, तिथे जोर ‘पॉ’वरच राहतो.

काही शब्दांत देशागणिक जोरच हलतो. जाहिरातीसाठी ब्रिटनमध्ये ‘अडव्हर्टिस्मंट’ (जोर ‘व्हर्’वर), अमेरिकेत बहुधा ‘ॲडव्हर्टाइझ्मंट’ (जोर ‘टाइझ्’वर). प्रयोगशाळेचंही असंच : ब्रिटनमध्ये ‘ल-बॉ-र-ट्री’, अमेरिकेत ‘लॅब्-र-टो-री’.

पायरी ४ : देवनागरीतली टिपणं जपून करा

उच्चार वहीत देवनागरीत लिहिणं सोयीचं आहे, पण ‘झ’पाशी घोटाळा होतो. झाडातला झ, ‘झीरो’तला झ आणि ‘मेझर’मधला झ हे तीन वेगळे आवाज आहेत. तिसरा आवाज असा काढा : गळ्यावर दोन बोटं ठेवून लांबलचक ‘श्श्श’ म्हणा. बोटांना कंप जाणवणार नाही. जीभ जागची न हलवता त्याच ‘श’ला आता गळ्यातून आवाज द्या. कंप सुरू झाला की तुम्ही ‘मेझर’, ‘प्लेझर’, ‘व्हिजन’मधल्या आवाजावर पोहोचलात. वहीत याच्याखाली टिंब द्यावं.

‘व’ आणि ‘व्ह’ही वेगळे ठेवा. पश्चिम दिशेच्या ‘वेस्ट’ला ओठांचा चंबू होतो. कपड्याच्या ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशात पाच-सात वेळा आलटून पालटून म्हटलं की फरक दिसतो.

पायरी ५ : एक निवडा, दोन्ही ओळखा

बोलण्यासाठी एकच पद्धत धरावी. एकाच वाक्यात ब्रिटिश ‘शेड्यूल’ आणि अमेरिकन ‘लूटेनंट’ आले तर चूक होत नाही, पण ऐकणारा अडखळतो. क्षेत्राची चाल मात्र आधी पाळावी. वाट या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘रूट’, अमेरिकेत ‘रूट’ आणि ‘राउट’ दोन्ही, पण नेटवर्कचं यंत्र अमेरिकनांच्या तोंडी ‘राउटर’च असतं. लाकडात खाच पाडायचं यंत्र दोन्हीकडे ‘राउटर’.

एका वेळी दहाच शब्द घ्या. प्रत्येक शब्द तीनदा ऐका, मग वाक्यात घालून फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाला लागून लगेच तुमचा ऐका. फरक नेमका कुठे आहे, जोरात, स्वरात की शेवटच्या व्यंजनात, एवढंच टिपा. दुसऱ्या दिवशी न ऐकता म्हणून पाहा, आठवड्याने पुन्हा. सुटा शब्द नीट येतो आणि वाक्यात बिघडतो, असं पुष्कळदा होतं, म्हणून वाक्य सोडू नका.

विशेषनामांना यातलं काहीच लागू नाही. टेक्सासमधलं शहर ‘ह्यूस्टन’, पण तेच स्पेलिंग असलेला न्यूयॉर्कमधला रस्ता ‘हाउस्टन’. लंडनची नदी ‘टेम्झ’, तर अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात तेच स्पेलिंग असलेल्या नदीला तिथले लोक ‘थेम्झ’ म्हणतात. गावाचा उच्चार त्या गावकऱ्यांचा, आणि माणसाच्या नावाचा उच्चार त्यालाच विचारून घ्यावा.