पद्धतशीर नमुना किती अचूक ठरेल, हे आधी कसे तपासावे

सर्वेक्षणासाठी पद्धतशीर नमुना घेणे, म्हणजे ‘यादीतले दर विसावे नाव घ्या’ असे ठरवणे, सोपे असते. पण ते कितपत भरवशाचे, हे यादीच्या क्रमावर ठरते. म्हणून आधी यादी वाचा, मग अंतर ठरवा.

1200 नावांतून 60 हवी असतील तर अंतर 20. आता 1 ते 20 मधून एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. 7 आला तर 7, 27, 47 असे पुढे जा. पहिला आकडा सोयीने निवडू नका. सगळी यादृच्छिकता त्या एकाच चिठ्ठीत आहे. भाग नीट जात नसेल तर यादीचे शेवटचे टोक पहिल्याला जोडून वर्तुळ करा आणि सुरुवात संपूर्ण यादीतून काढा.

आता क्रमाकडे या. शक्य नमुन्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती किती पसरतात, याचे माप म्हणजे प्रचरण (फरकांच्या वर्गांची सरासरी). कार्यक्षमता मोजताना साध्या यादृच्छिक निवडीतले (प्रत्येक नाव चिठ्ठी टाकून काढणे) सरासरीचे प्रचरण भागिले पद्धतशीर निवडीतले प्रचरण, असा भागाकार करतात; उत्तर 1 पेक्षा जास्त आले तर पद्धतशीर निवड सरस. कागदावर करून पाहा. 1 ते 12 हे आकडे चढत्या क्रमाने मांडा, अंतर 4 ठेवा. शक्य नमुने चारच: (1, 5, 9), (2, 6, 10), (3, 7, 11), (4, 8, 12). त्यांच्या सरासऱ्या 5, 6, 7, 8, प्रचरण 1.25. बारांतून कोणतेही तीन उचलले तर तेच 3.25 येते. म्हणजे कार्यक्षमता 2.6. एकाच नमुन्यातले घटक एकमेकांपासून जितके वेगळे, तितका फायदा. त्यामुळे उत्पन्न किंवा वयासारख्या, विषयाशी संबंध असलेल्या गोष्टीनुसार यादी लावून घेणे मला नेहमीच श्रमाचे सार्थक वाटते.

धोका आवर्तनाचा. यादी 1, 2, 3, 4 अशी तीनदा फिरत असेल आणि अंतर 4 असेल, तर प्रत्येक नमुन्यात एकच आकडा तीनदा येतो. कार्यक्षमता सुमारे 0.27 वर घसरते. अंतर 3 करा: प्रत्येक नमुन्यात चारही आकडे येतात, सरासरी दर वेळी 2.5. रोजच्या नोंदींत दर सातवा दिवस घेणारा हाच फटका खातो, कारण त्याला कायम एकच वार मिळतो.

एकाच सुरुवातीच्या नमुन्यावरून प्रचरणाचा निःपक्षपाती अंदाज निघत नाही. त्यासाठी 60 नावे एका फेरीत घेण्याऐवजी अंतर 100 ठेवून पाच वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवाती घ्या, प्रत्येकीत 12 नावे. या पाच सरासऱ्या एकमेकींपासून किती दूर पडतात, त्यावरून चूक किती असेल ते मोजता येते.