पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन पुन्हा दारात : झेडएसएच टाकताना मी कुठे फसलो

पासवर्ड दिला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेनी म्हणून लागून दुसराच आठवडा होता. ऑफिसच्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर मी झेडएसएच हा नवा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, टाकून लॉगिनसाठी लावला होता. पासवर्ड दहा-बारा वेळा टाकला, कॅप्स लॉक बघितला, शेजारच्या टेबलावरचा कीबोर्डही लावून पाहिला. शेवटी सीनियर म्हणाले, "फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम." मारला. होम फोल्डरमधला आठवडाभराचा कोड त्यातच गेला. सीबीएस स्टँडपर्यंत बसमध्ये कोणाशी बोललो नाही. प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट सांगणाऱ्या सीनियरकडून चहा घ्या, सल्ला नको.

पासवर्ड चुकला तर मशीन तसं सांगतं. काही न बोलता बाहेर काढत असेल तर पासवर्ड ठीक आहे, बहुधा शेल उठत नाहीये. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर लॉगिन करून बघा. तिथे बहुतेक वेळा एरर वाचायला मिळते.

माझा घोळ पाथचा, म्हणजे फाइलच्या पत्त्याचा, होता. ज्या व्हिडिओवरून मी शिकलो तो मॅकवाल्याचा. इंटेलच्या मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) झेडएसएच ठेवतं /यूएसआर/लोकल/बिन मध्ये. उबुंटूवर एपीटीने (तिथलं तसंच साधन) टाकलेलं जातं /यूएसआर/बिन मध्ये. मी व्हिडिओतला पाथ डोळे झाकून उचलला. शेल बदलणाऱ्या सीएचएसएच कमांडने 'इनव्हॅलिड शेल' म्हणून सरळ नकार दिला. तिथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं, पुढे सुडो (रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून कमांड चालवणारा) जोडला! साध्या युजरला सीएचएसएच अडवतं, रूटला मात्र जाऊ देतं, फार तर एक वॉर्निंग देतं. ती कोण वाचतो?

आता हे नीट बघा, कारण माझा सगळा दिवस यातच गेला. /ईटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलमध्ये प्रत्येक युजरची एक ओळ असते, कोलनने पाडलेले सात रकाने. सातवा रकाना म्हणजे तुमचा शेल. लॉगिन झालं की सिस्टिम तिथला पाथ वाचते आणि ती फाइल चालवायला जाते. फाइलच नसेल तर चालवणार काय? झेडएसएच काढून दहादा पुन्हा टाकलंत तरी तो रकाना आपोआप सुधारत नाही.

घाबरू नका, डेटा जागेवर असतो. बूट होताना एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड, मग रूट. रूटचा स्वतःचा शेल बॅश (उबुंटूचा नेहमीचा शेल) असतो, म्हणून तो उघडतो. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली असेल तर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /', मग 'युजरमॉड -एस /बिन/बॅश' आणि पुढे तुमचं युजरनेम. रीस्टार्ट. पाच मिनिटं लागतात. मला हे फॉरमॅटनंतर कळलं.

पुढच्या वेळी शेल बदलायच्या आधी 'विच झेडएसएच' विचारा आणि जो पाथ येईल तो अख्खा टाइप करून एंटर मारा. प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) आला तरच बदला. बदलल्यावरही लगेच लॉगआउट नको. जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीत 'एसयू -' आणि आपलं नाव टाकून बघा.

पाथ बरोबर असूनही शेल उघडताक्षणी मिटत असेल तर 'झेडएसएच -एफ' चालवा. त्याने तुमची झेडएसएचआरसी ही सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही. असं चाललं तर दोष त्या फाइलमध्ये आहे, आणि ती बहुधा कुठून तरी चिकटवलेली असते. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर राहतं, त्यानेही बिनसतं.

रंगीत प्रॉम्प्टचं वेड मला अजून आहे. पण माझ्या सातव्या रकान्यात आज बॅशच आहे. टर्मिनल उघडतो, झेडएसएच टाइप करतो, काम झालं की एक्झिट.