दिवाळीत गाडी बाहेर काढताय? टायरच्या या चुका टाळा

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या टायरच्या दुकानात जी गर्दी असते, ती भर उन्हाळ्यातही नसते. पावसाळाभर घरासमोर उभी राहिलेली गाडी सोयाबीनचे पैसे हाती आले की एकदम रस्त्यावर येते. कुणाला शेगावला जायचं असतं, कुणाला भाऊबीजेला, कुणाला पुण्याला पोराकडे. चार महिने जिच्या चाकांकडे ढुंकून पाहिलं नाही, ती गाडी सात माणसं आणि तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन समृद्धी महामार्गावर १२० ने पळवतात. आणि दरवर्षी त्याच त्या चुका. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहितो.

“ऊन आहे, हवा कमी ठेवा”

हा सल्ला पहिल्यांदा ज्यानं दिला, त्याला मला एकदा भेटायचं आहे. तर्क असा की ऑक्टोबरच्या उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच चार पॉइंट (पीएसआय) हवा काढून टाका. ऐकायला बरोबर वाटतं, पण आहे नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत सरळ होते. तार एकाच जागी वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते ना, तसंच. ही गरमी उन्हाची नसते, त्या दबण्याची असते. वेग आणि वजन वाढेल तशी ती वाढते, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर जातो. चालून चालून टायर तापला की हवा चार-पाच पॉइंट चढते, हे कंपनीनं आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. तुम्ही वेगळं धरायची गरज नाही.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पुण्याला निघाले. मोठी पाच माणसं, दोन लेकरं, डिक्की फराळानं आणि तांदळानं गच्च. दुपारी गावातून पंधरा-वीस किलोमीटर चालवत आणलेली गाडी एका पंपावर लावली. तिथल्या पोरानं मीटर लावलं, छत्तीस दाखवलं. “लय हवा आहे सर, उन्हाचं फुटन,” म्हणून त्यानं चारही चाकांची हवा तिसावर आणली. गरम टायरमध्ये तीस, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात सव्वीस-सत्तावीस. भरल्या गाडीला पाहिजे होते पस्तीसच्या आसपास. वर्ध्याजवळच्या येळाकेळीहून समृद्धीवर चढले आणि कारंजा ओलांडल्यावर मागचा डावा टायर गेला. गुरुजींचं डोकं शांत. त्यांनी कचकन ब्रेक मारला नाही, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं. म्हणून सगळे सुखरूप परत आले.

परत आल्यावर बाकीचे तीन टायर त्यांनी दुकानात दाखवायला आणले. “हे तं चांगले आहेत,” म्हणाले. रिमवरून एक उतरवला, आत हात घातला, तर मूठभर काळा चुरा निघाला. चहापत्तीसारखा दिसणारा रबराचा भुगा. बाहेरून टायर धडधाकट आणि आतून बाजू घासून घासून त्याचं पीठ झालेलं. कमी हवेवर पळालेल्या टायरची खूण हीच. असा टायर नंतर कितीही हवा भरली तरी कामाचा राहत नाही. गुरुजींनी चारही बदलले.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर कमी माणसांसाठी वेगळा आणि भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. दिवाळीला जाताना दुसरा पाहायचा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. आणि मोजायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पॉइंट उतरते. म्हणून दसऱ्याला बरोबर असलेली हवा दिवाळीची थंडी पडल्यावर आपसूक कमी दाखवते, पंक्चर नसलं तरी.

मी गाडीत स्वतःचं मीटर ठेवतो. पंपावरचं मीटर कुणी शेवटचं कधी तपासलं, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला सांगतो, लोक सीट कव्हरवर पाच हजार घालवतात आणि तीनशे रुपयांचं मीटर घ्यायचं म्हटलं की घासाघीस करतात.

नक्षी पाहून टायर पारखणे

“काहून जी, टायर तं नवाच दिसते!” हे वाक्य आठवड्याला चार वेळा ऐकतो. कमी चाललेल्या गाडीची नक्षी खोल राहते, रबर मात्र म्हातारं होत जातं. गावातल्या गाड्यांचं खरं दुखणं हेच आहे, कारण त्या चालतात कमी आणि विदर्भाच्या उन्हात उभ्या राहतात जास्त. टायर गोटा म्हणजे झिजून गुळगुळीत झाला की लोक बदलतात, पण कडक झालेला टायर गोटा न होताच दगा देतो.

वय पाहायला टायरच्या बाजूवर ‘डीओटी’पासून सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२ वा आठवडा. बऱ्याचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. मग गोणपाट टाकून गाडीखाली डोकं घालायचं, लाजायचं नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर उतरवून आतून पाहून घ्यावा. सहाच्या पुढचा टायर मी माझ्या घरच्यांना समृद्धीवर नेऊ देत नाही, मग नक्षी कितीही असो. बाजूवर बारीक भेगांचं जाळं असेल तर वय विचारूच नका. फुगा आला असेल तर त्या गाडीनं दुकानापर्यंतही जपून या.

नक्षीचं म्हणाल तर खाचांच्या तळाशी लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानं तिथेच टायरचं आयुष्य संपतं. मी त्याआधीच बदलायला सांगतो आणि लोकांना वाटतं मला विकायचे आहेत. वाटू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

वावरात गाडी घालणे. सोयाबीन काढल्यावर उरलेली धसकटं खिळ्यासारखी टोकदार असतात, कपाशीच्या पऱ्हाटीची तर विचारू नका. कार पांधणीवरच ठेवा, धुऱ्यापर्यंत चालत जा.

चाकात बाभळीचा काटा किंवा बैलाच्या नालेचा खिळा दिसला की जागेवर उपटणे. ट्यूबलेस असेल तर तोच हवा धरून बसलेला असतो. हवा तपासा, हळूहळू दुकानापर्यंत या, मग उपटू.

बाहेरून भोकात रबराची दोरी घालून काढलेल्या पंक्चरवर लांबचा प्रवास. गावात फिरायला दोरी ठीक. घरचे लोक घेऊन जायचं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम (छत्रीसारखं रबरी बूच) किंवा पॅच लावून घ्या. बाजूचं पंक्चर काढतच नाहीत, कुणी काढून देतो म्हणाला तर दुकान बदला.

दसऱ्याला टायर डिझेलनं किंवा जळक्या ऑइलनं पुसणे. चमकतो खरा, पण तेलानं रबर खराब होतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, हळदकुंकू लावा, चाकाखाली लिंबू ठेवा. लिंबाची माझी काही तक्रार नाही.

रिमच्या आतल्या बाजूला सुकलेली काळी माती. ८० च्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं की लोक थेट बॅलन्सिंगचे पैसे भरतात. आधी आतून पाणी मारा, ढेकूळ निघालं तर पैसे वाचले.

नायट्रोजन भरला म्हणजे वर्षभर पाहायचं नाही, हा समज. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण महिन्यातून एकदा मोजा, आणि कमी असला तर साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

घरच्या कारला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर. नाही.

दोनच नवे टायर घेऊन ते पुढे लावणे. मागे लावा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि निदान कळतं तरी. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे रोज येतात, बहुतेक सगळे लायसन्स नुकतंच मिळालेले असतात.

स्टेपनी. तिच्यातली हवा कुणी मोजत नाही आणि लागते तेव्हा ती बसलेली असते. निघायच्या आधी घरीच एक चाक काढून पाहा. दुकानात नट मशीननं आवळलेले असतात, गाडीतल्या लहान पान्यानं ते सुटतच नाहीत. सुटले नाहीत तर लांब दांड्याचा पाना घेऊन ठेवा. आणि नवी गाडी असेल तर डिक्कीतला गालिचा उचलून आधी स्टेपनी आहे का ते बघा. ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर २०२० च्या नियमानुसार कंपनी स्टेपनी न देताही गाडी विकू शकते. त्या किटनं खिळ्याचं भोक बुजतं. धसकटानं फाटलेली बाजू बुजत नाही.