ल्यों पाहायचं तर विणकरांच्या टेकडीवरून

म्हापशाला आमचं साड्यांचं दुकान आहे. त्यामुळे फ्रान्समधल्या ल्यों शहराकडे मी रेशमाच्या बाजूने पाहतो, आणि तुम्हीही तसंच पाहावं असं मनापासून वाटतं. सहलीवाले आधी चर्चच्या टेकडीवर नेतात. वेळ आपल्या हातात असेल तर ती दुपारसाठी ठेवा.

शहराची मांडणी गोंयकाराला चटकन कळेल. मांडवी आणि झुवारीच्या मध्ये तिसवाडी, तसं ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या मध्ये ल्योंची पेठ. ऱ्होन आल्प्समधून जोरात येते, सोन संथ आहे. सोनपलीकडे फूर्विएरची टेकडी, नद्यांच्या मध्ये उत्तरेला क्रवा-रूसची. पहिली प्रार्थना करणारी, दुसरी राबणारी, असं तिथले लोक म्हणतात.

पॅरिसहून टीजीव्ही रेल्वेने दोनेक तासांत पोचता येतं. शेंगेन व्हिसा लागतो; घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल त्यांना तो प्रश्न नाही.

सकाळी मेट्रोची सी लाइन घेऊन क्रवा-रूसला उतरा. चौकात जकार्डचा पुतळा आहे. ल्योंमध्येच जन्मलेल्या या माणसाने १८०४ साली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. जवळच्या ‘मेझों दे कानू’ संग्रहालयात तो चालवून दाखवतात, ते चुकवू नका. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. नक्षीसाठी धागे ओढायला पूर्वी वेगळं माणूस लागायचं, ते काम पुठ्ठ्यांनी केलं. आपल्या दुकानातल्या कितीतरी काठापदरांची नक्षी याच युक्तीने विणलेली असते. मी तिथून लवकर हललोच नाही.

बाहेर आलात की घरांकडे मान वर करून बघा. माग उंच, म्हणून छतंही चार मीटरच्या आसपास, आणि उजेडासाठी खिडक्या लांबच लांब. इथे राहणारे विणकर म्हणजे कानू. ठरलेली किमान मजुरी व्यापाऱ्यांनी नाकारली तेव्हा नोव्हेंबर १८३१ मध्ये ते काळं निशाण घेऊन उतरले: ‘काम करून जगू, नाहीतर लढून मरू.’ १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तो लष्कराने चिरडला. रेशमाचा धंदा करणाऱ्याने हे ठाऊक ठेवायला हवं.

आता चालतच खाली या, वाटेत त्राबूल शोधत. इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणारे हे बोळ. रेशमाचे तागे पावसात न भिजवता याच वाटांनी नेत. दुसऱ्या महायुद्धात भूमिगत कार्यकर्त्यांनाही त्या उपयोगी पडल्या. ‘कूर दे व्होरास’ या जुन्या इमारतीच्या चौकातला दगडी जिना बघाच. सोनपलीकडच्या जुन्या ल्योंमध्ये रू द्यू बफ २७ पासून रू सँ-जाँ ५४ पर्यंतचा बोळ तिथला सर्वांत लांब. सकाळी दारं उघडी मिळण्याची शक्यता जास्त. आत माणसं राहतात, तेव्हा हळू बोला.

दुपारी जुन्या ल्योंमधून केबलने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने फूर्विएर चढा. बॅसिलिका, म्हणजे टेकडीवरचं ते चर्च, भव्य आहे. मला तिच्याहून रोमन नाट्यगृह अधिक आवडलं. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी लुगदुनुम, म्हणजे आजचं ल्यों, वसवलं ते इथेच. रोमन सम्राट क्लॉडियसचा जन्म याच शहरातला. गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, लोकांना रोमच्या सिनेटमध्ये घ्या, हे त्याचं भाषण कोरलेला कांस्यपट शेजारच्या संग्रहालयात आहे. सोमवारी ते बंद असतं.

गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाला न चुकता जाणाऱ्यांनी मेट्रोच्या डी लाइनवर मोंप्लेझिर-ल्यूमिएरला उतरावं. सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी ल्यूमिएर बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले ते इथेच. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांची चलच्चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली.

जेवायला ‘बूशों’ नावाच्या छोट्या खानावळी आहेत. मासे खाणाऱ्यांनी क्नेल, म्हणजे माशाचे मऊ लांबट गोळे, मागवावे. आंदुयेत म्हणजे बहुधा डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी असाल तर आधी मेन्यू पाहूनच आत शिरा. आणि ८ डिसेंबरच्या आसपास जाणार असाल, तर तेव्हा दिव्यांचा मोठा उत्सव असतो. खोली फार आधी ठरवा.