ब्लॉक जुळत नाही आणि डोकंही चालत नाही? आधी शेवटचा टाका बघा

मी क्विल्ट शिवते, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, आणि ब्लॉक म्हणजे तिचा एकेक चौकोनी भाग. माझा असाच एक ब्लॉक, आठ टोकांचा तारा, सात महिने पिशवीत पडून होता आणि कोणी विचारलं की काय गं, शिवतेयस का काही, तर मी सांगायचे की सध्या काही सुचतच नाहीये, रंग डोळ्यासमोर येत नाहीत, मूड नाही वगैरे वगैरे. मग एकदा कपाट आवरताना पिशवी हातात आली, तारा उलगडून बघितला तर टीप बरोब्बर ताऱ्याच्या दोन टोकांमधल्या एका खाचेपाशी थांबलेली, तिथे तीनदा उसवल्याची भोकं दिसत होती, आणि चौथ्यांदा उसवायचा कंटाळा आला म्हणून मी सगळं गुंडाळून ठेवलेलं. म्हणजे सुचत नाही वगैरे सगळी सबब होती. मला तिथला चौकोन त्या खाचेत बसवता येत नव्हता, बस.

तेव्हापासून मी एक करते. काही सुचत नाही असं वाटायला लागलं की नवीन डिझाइन शोधत बसत नाही, अर्धवट पडलेलं काम काढते आणि शेवटचा टाका कुठे आहे ते बघते. दहातल्या आठ वेळा तिथेच काहीतरी टोचणारं सापडतं. म्हणून आधी शिवणीचं बोलू, डोक्याचं नंतर.

सगळ्यात आधी पाव इंच

क्विल्टमध्ये शिवणीसाठी पाव इंच सोडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण मशिनवर जे पाव इंच दिसतं ते खरं पाव इंच असतंच असं नाही. शिवण इस्त्रीने दडपली की घडीत केसभर कापड जातं, त्यामुळे टीप पाव इंचाला केसभर कमी मारावी लागते. तुमच्या मशिनवर ते नक्की कुठे येतं हे बघायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर तुमची शिवण रुंद जातेय, सुईची जागा एक घर सरकवा किंवा मशिनवर चिकटपट्टीची खूण करा आणि पुन्हा तीन पट्ट्या. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण हिशोब बघा ना. एका शिवणीत १/३२ इंच जास्त गेलं तर दोन्ही तुकड्यांचं मिळून १/१६ जातं, आणि ब्लॉकच्या एका ओळीत आठ शिवणी असतील तर सरळ अर्धा इंच गायब. मग आपण म्हणतो पॅटर्नच चुकीचा आहे.

सुती कापडाला ८०/१२ ची सुई, ५० नंबरचा सुती दोरा आणि टाका साधारण २ ते २.२ मिमी, एवढं ठेवलं तर फार विचार करावा लागत नाही.

त्रिकोण

त्रिकोण त्रास देतात कारण त्यांची एक तरी बाजू क्रॉसमध्ये, म्हणजे विणीला तिरकी, कापलेली असते आणि क्रॉस कापड हातात धरलं तरी ताणलं जातं. त्यामुळे दोन त्रिकोणांचा चौकोन करायचा असेल तर त्रिकोण कापूच नका. तयार ३ इंचाचा हवा असेल तर हिशोबाने ३ ७/८ इंचाचे दोन चौकोन लागतात, मी मात्र ४ इंचाचेच घेते, डोक्याला ताप नको. सुलट बाजू आत ठेवून दोन चौकोन एकावर एक, मध्ये कर्णाची रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप, आणि मग रेघेवर काप. एकदम दोन तयार होतात, आणि तिरकी कड कापायच्या आधीच टीप पडलेली असल्यामुळे ताणायची सोयच राहत नाही. दडपून झालं की पट्टीवरची ४५ अंशाची रेघ शिवणीवर ठेवून साडेतीन इंचाला छाटा. हे छाटणं कधीच टाळू नका, पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

खळ लावायची असेल तर कापायच्या आधी लावा, नंतर नाही. आणि इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. शर्टाला करतो तशी पुढे मागे घासली की चौकोनाचा पतंग होतो, माझे कितीतरी झालेत.

टोकं कापली जाणं ही दुसरी रड. तुकडा उलटा करून बघा, जिथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथे फुलीसारखं दिसतं, टीप त्या फुलीच्या मधून किंवा एका धाग्याने कडेच्या बाजूला गेली पाहिजे. आतल्या बाजूला गेली की टोक गेलंच. म्हणून ज्या तुकड्यावर फुली आहे तो वरच्या बाजूला ठेवून शिवा, दिसल्याशिवाय नेम कसा धरणार. चार शिवणी एका जागी येत असतील तर समोरासमोरच्या शिवणी उलट दिशांना दडपा, बोटाने चाचपलं की एकमेकींत अडकल्यासारख्या बसतात, टाचणी लावायच्या आधीच कळतं जुळलंय का.

खाच, जिथे मी सात महिने अडले

आठ टोकांच्या ताऱ्यात आठ पतंगी तुकडे, प्रत्येकाचा मधला कोन ४५ अंश, म्हणजे ३६० पूर्ण. आता कापताना प्रत्येक कोन ४४ झाला तर बेरीज ३५२ येते आणि तारा मध्ये तंबूसारखा उभा राहतो. ४६ झाला तर ३६८, मग बाहेरून झालर पडते. तंबू इस्त्रीने बसत नाही, सांगून ठेवते, मी बसवायला गेले आणि चुणी पाडून आले. शिवायच्या आधीच आठही तुकडे टेबलावर टोकाला टोक लावून मांडा, वर्तुळ भरतंय का बघा.

हे झालं की खाचा. दोन टोकांच्या मध्ये चौकोन किंवा त्रिकोण बसवायचा असतो आणि तिथे तीन शिवणी एका बिंदूत भेटतात. आपली मशिनवरची सवय असते कडेपासून कडेपर्यंत सरळ जायची, आणि इथे नेमकी तीच नडते. सगळ्या तुकड्यांच्या उलट्या बाजूला, जिथे पाव इंचाच्या दोन रेघा भेटतील तिथे पेन्सिलने ठिपका द्या. पतंगी तुकडे जोडताना बाहेरच्या बाजूला त्या ठिपक्यावर थांबा, दोन उलटे टाके, दोरा काप. कडेपर्यंत जायचंच नाही, तो पाव इंच मोकळा राहायला हवा कारण पुढे तिथेच कापड वळणार आहे.

मग चौकोन घ्या. त्याचा ठिपका ताऱ्याच्या खाचेतल्या ठिपक्यावर, टाचणी उभी आरपार घालून खात्री करा, आणि ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने एकच बाजू शिवा. थांबा. मशिनवरून काढा, दोरा कापा, हो, कापाच. आता चौकोनाची दुसरी बाजू दुसऱ्या टोकाला लावायची, मध्ये येणारा ताऱ्याचा भाग घडी घालून बाजूला सारायचा, आणि पुन्हा ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने. मी इतके महिने काय करत होते तर एका दमात कोपरा वळवायला बघत होते, सुई खाली ठेवून कापड फिरवायचं आणि पुढे जायचं. काही जणींना जमतं ते. माझ्याकडून दर वेळी खालचं कापड सुईखाली यायचं.

ठिपक्याच्या पुढे एक टाका जरी गेला तर समोरून चूण दिसते, आणि एक टाका अलीकडे थांबला तर बारीकसं भोक राहतं. यातलं भोक परवडलं, ते मागून हाताने दोन टाके घालून बंद होतं. चूण मात्र उसवल्याशिवाय जात नाही. शेवटची एक दोन टाक्यांची जागा हाताने चाक फिरवून शिवा, पायावर भरवसा नको.

गोलाई

पाव वर्तुळ चौकोनात बसवायचं म्हटलं की लोक घाबरतात कारण दोन्ही तुकडे हातात धरले की कडा जुळतच नाहीत. नाहीच जुळणार. टिपेची रेघ दोन्हीवर सारखी असते, पण बाहेर फुगलेल्या तुकड्याची कड त्या रेघेच्या पाव इंच पुढे आणि आत गेलेल्या तुकड्याची पाव इंच मागे, त्यामुळे पाव वर्तुळात दोन कडांच्या लांबीत साधारण पाऊण इंचाचा फरक पडतो. गंमत म्हणजे वर्तुळ मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो, म्हणूनच लहान गोलाई जास्त छळते, तेवढंच कापड कमी जागेत जिरवावं लागतं. नवीन असाल तर मोठ्या गोलाईपासून सुरुवात करा.

दोन्ही तुकडे अर्ध्यात दुमडून मध्याची खूण, आधी मध्याला टाचणी, मग दोन टोकांना, मग मधल्या जागा. आत गेलेला तुकडा वर ठेवायचा, हळू शिवायचं, दर दोन तीन टाक्यांनी वरचं कापड बोटाने सारखं करायचं. फारच ओढत असेल तर फक्त आत गेलेल्या तुकड्याच्या कडेला १/८ इंचाच्या बारीक चिरा द्या.

कागदावर शिवायची पद्धत, म्हणजे कागदावर छापलेल्या रेघांवरून कापड शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा, थोडक्यात सांगते. अगदी टोकदार डिझाइनला तीच बरी. टाका १.५ मिमी म्हणजे कागद सहज फाटतो, सुई ९०/१४, प्रिंट काढल्यावर त्यावरचा १ इंचाचा चौकोन मोजून घ्या कारण प्रिंटर गुपचूप आकार बदलतो. डिझाइन आरशातल्यासारखं उलटं येतं हे लक्षात ठेवा. आणि शिवायच्या आधी प्रत्येक तुकडा टाचून उलटवून बघा, जागा झाकतोय का. तुकडा हातभर मोठा घेतला तरी चालेल, उसवण्यापेक्षा चिंधी वाया गेलेली बरी.

आणि तरीही सुचत नसेल तर

सगळं नीट शिवलं जातंय आणि तरी मशिनपाशी बसावंसं वाटत नाही, असंही होतं. तेव्हा नक्की काय नकोसं झालंय ते बघा.

एकसारखे ब्लॉक करून जीव विटला असेल तर सरळ संख्या कमी करा. सात बाय सातचा क्विल्ट म्हणजे ४९ ब्लॉक, पण एकाआड एक साधा चौकोन लावला की शिवायचे २५ च राहतात आणि दिसायलाही मोकळं दिसतं. तेवढेही होत नसतील तर झाले तेवढ्याचा टेबल रनर करा. कोणी परीक्षा घेत नाहीये.

कापडं इतकी साठलीत की निवडताच येत नाही, हा तर नेहमीचा रोग. एक कापड उचला, बाकीचं कपाट बंद. त्याच्या जोडीला एक गडद, एक फिकट. गडद फिकट खरंच वेगळं दिसतंय का ते बघायला तिन्हींचा फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, लाल आणि हिरवा शेजारी कितीही उठून दिसले तरी फोटोत एकाच करड्या रंगाचे निघू शकतात आणि मग ब्लॉकमधला तारा दिसतच नाही. मला वाटतं रंग जुळत नाहीत अशी जी तक्रार असते ती बरेचदा या गडद फिकटाचीच असते.

लाडक्या कापडाला कात्री लावायचा धीर होत नसेल तर आज फक्त त्याची एक कड सरळ करा. पट्टी ठेवा, अर्धा इंच छाटा, बाजूला ठेवा. एकदा कापलं की ते कापड देव्हाऱ्यातून खाली उतरतं.

आणि अगदीच कशातच मन नसेल तर मशिनशेजारी दोन इंचाच्या चौकोनांचा डबा ठेवा, निम्मे गडद निम्मे फिकट. कुठलीही टीप सुरू करताना आणि संपवताना दोरा गुंतू नये म्हणून आपण एखादी चिंधी सुईखाली घालतो ना, तिच्याऐवजी एक गडद एक फिकट अशी जोडी घाला. पडदा शिवताना, उशीचं कव्हर शिवताना, काहीही. विचार न करता जोड्या साठत जातात, आणि कधीतरी त्या टेबलावर ओतल्या की हात आपोआप मांडायला लागतात.

दुसऱ्यांचे फोटो मात्र त्या दिवसांत बघू नका. बघायचेच असतील तर अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या बायकांचे क्विल्ट बघा, जुन्या कामाच्या कपड्यांतून, जे हाताशी होतं त्यातून केलेले, पट्ट्या वाकड्यातिकड्या आणि तरी नजर हटत नाही, २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. पण ते बघून, माझीही टोकं कापली गेली तरी चालतील, असं ठरवू नका हं. त्यांची रेघ वाकते ती त्यांना हवी तशी वाकते, माझी वाकते ती फोनवर बोलता बोलता.

माझा तारा झाला शेवटी. आठ खाचा, चार चौकोन, चार त्रिकोण. सात नीट बसल्या, आठवीत एक टाका जास्त गेलाय आणि चूण दिसते. चौथ्यांदा उसवायला घेतलं होतं, मग सीम रिपर, म्हणजे टाके उसवायचं हत्यार, डब्यात ठेवून दिला आणि ती बाजू क्विल्टमध्ये खालच्या कोपऱ्याला घेतली.