ऐंशीच्या दशकाअखेरचे म्युझिक व्हिडिओ कसे पाहावेत

हे व्हिडिओ नीट पाहायचे तर आधी प्रत नीट निवडावी लागते. १९८६ ते १९८९ या काळातले बहुतेक पॉप आणि रॉक व्हिडिओ १६ किंवा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत, पण त्यांचे संकलन व्हिडिओ टेपवर होई, त्यामुळे तयार व्हिडिओ अमेरिकेत ५२५ आणि ब्रिटनमध्ये ६२५ आडव्या रेषांचे चित्र साठवणाऱ्या टेपवरच उरला. मूळ निगेटिव्ह शोधून, नव्याने स्कॅन करून पुन्हा जोडल्याखेरीज त्यापेक्षा सुस्पष्ट प्रत मिळत नाही. 'आहा' या बँडच्या १९८५ सालच्या ‘टेक ऑन मी’ची तशी ‘४के’ (अतिसुस्पष्ट) प्रत २०१९ मध्ये निघाली, पण हे भाग्य सगळ्यांना लाभलेले नाही. म्हणून ‘एचडी’ या लेबलावर जाऊ नये; गायकाचे केस आणि दात पाहावेत. केसांची एकसंध टोपी झाली असेल आणि चेहरा मेणाचा वाटत असेल, तर ती संगणकाने फुगवलेली प्रत समजावी.

दुसरी खूण चौकटीची. हे व्हिडिओ ४:३ प्रमाणाच्या टीव्हीसाठी बनले. आजचा रुंद पडदा भरण्यासाठी तेच चित्र १६:९ मध्ये कापले की उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि तो बहुधा डोक्याचा किंवा गिटारवरच्या हातांचा असतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली प्रतच घ्यावी. (आपल्याकडे एमटीव्ही ही म्युझिक व्हिडिओंची वाहिनी १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर आली, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी हे व्हिडिओ जुने झाल्यावरच केबलवर पाहिले. तेव्हा रेकॉर्ड केलेली कॅसेट घरात असेल तर ती जरूर जपावी, मात्र अभ्यासाला ती घेऊ नये.)

पहिल्यांदा व्हिडिओ आवाज बंद करून पाहावा. कागद घेऊन दृश्य बदलेल तेव्हा एक रेघ ओढावी आणि कडवे संपले की खाली नवी ओळ सुरू करावी. ध्रुवपदाच्या ओळीत रेघांची गर्दी होते का, आणि कोणी गात नसताना कॅमेरा कुठे वळतो, हे कागदावर आपोआप दिसू लागते. सुरुवातीला रॉक बँड ‘गन्स एन’ रोझेस’चा ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ घ्यावा: तालमीची जागा, चित्रातच दिसणारे कॅमेरे, रंगीत आणि कृष्णधवल चित्रांची सरमिसळ, आणि गोष्ट म्हणावी असे काहीही नाही. गोष्ट नसली की संकलन उघडे पडते.

यानंतर गतीकडे लक्ष द्यावे. गायकाचे ओठ शब्दांशी तंतोतंत जुळतात, पण केस आणि कपडे पाण्यात असल्यासारखे संथ हलतात, असे दिसले तर युक्ती पुढीलप्रमाणे असते. चित्रीकरणाच्या जागी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्या वेगाने ओठ हलवतो आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रे, टिपतो. तीच फिल्म २४ च्या गतीने दाखवली की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि बाकीचे जग अर्ध्या गतीने चालते. ‘द पोलिस’ या बँडने १९८३ मध्येच ‘रॅप्ड अराउंड युवर फिंगर’साठी अशी वेगवान चित्रीकरणाची युक्ती वापरली होती.

उलट टोकाला आहे गायक पीटर गॅब्रिएलचा ‘स्लेजहॅमर’ (१९८६), आणि माझ्या मते एकच व्हिडिओ बारकाईने पाहायचा असेल तर तो हाच. दिग्दर्शक स्टीफन आर. जॉन्सन यांच्यासोबत आर्डमन हा ॲनिमेशन स्टुडिओ आणि ॲनिमेशनकार क्वे बंधू यांनी त्यात जिवंत माणसालाच बाहुलीसारखे एकेक चौकट हलवले. त्यासाठी गॅब्रिएल सोळा तास काचेच्या तावाखाली पडून होते. हा व्हिडिओ अर्ध्या गतीने लावावा. चेहऱ्याभोवती फळे आणि इतर वस्तू सरकतात तेव्हा डोळे, गालांची रेघ आणि केसांची बट चौकटीगणिक किंचित थरथरते, कारण दोन चौकटींच्या मध्ये माणसाने श्वास घेतलेला असतो. संगणकावर केलेल्या हालचालीत हा थरथराट सापडत नाही. १९८७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओने नऊ पारितोषिके मिळवली.

पुढची पायरी दिग्दर्शक ओळखण्याची. त्या काळी एमटीव्हीच्या पडद्यावर कलाकार, गाणे आणि रेकॉर्ड कंपनी यांची नावे येत, दिग्दर्शकाचे नाव येत नसे. ती प्रथा १९९२ च्या अखेरीस सुरू झाली. म्हणून नाव आपणच शोधावे आणि एकाच माणसाची कामे लागोपाठ पाहावीत. डेव्हिड फिंचर यांचे १९८९ सालचे तीन व्हिडिओ यासाठी उत्तम आहेत: पॉला अब्दुलचा ‘स्ट्रेट अप’, आणि मॅडोनाचे ‘एक्सप्रेस युवरसेल्फ’ व ‘ओ फादर’. त्यानंतर मॅडोनाचाच त्याच वर्षीचा ‘चेरिश’ लावावा. तो छायाचित्रकार हर्ब रिट्स यांनी समुद्रकिनारी कृष्णधवल चित्रित केला आहे. ‘स्ट्रेट अप’ही कृष्णधवलच आहे, तेव्हा रंग बाजूला ठेवून दोघांच्या उजेडाची तुलना करता येते: एकाने तो स्टुडिओत बेतून घेतला आहे, दुसऱ्याने उघड्या आकाशाखाली मिळेल तो घेतला आहे.

आवाज सुरू करायचा तो यानंतर, आणि तोही रेघांचा कागद समोर ठेवून.