चिनी पंचांगातला अधिक महिना कसा काढावा

चिनी वर्ष चंद्रावर मोजतात आणि सूर्याच्या आधाराने ऋतूंशी जुळवतात. बारा चांद्रमास सुमारे 354 दिवसांत संपतात. वर्षाला मागे पडणारे 11 दिवस भरून काढायला आपल्यासारखाच अधिक महिना धरतात. तो नेमका कुठे पडतो, हे घरी मांडता येते. 2025 साल घेऊ.

1. अमावास्या बीजिंगच्या वेळेत लिहा. आपल्या पंचांगातून डिसेंबर 2024 ते जानेवारी 2026 मधल्या अमावास्यांच्या समाप्तीच्या वेळा घ्या आणि प्रत्येकीत अडीच तास मिळवा. येईल ती तारीख महिन्याचा पहिला दिवस, मग वेळ रात्री अकराची का असेना. आपण सूर्योदयाची तिथी धरतो, तिथे दिवस मध्यरात्री बदलतो. म्हणून 23 ऑगस्ट 2025 ला चिनी महिना लागला, आपला भाद्रपद मात्र 24 ला.

2. बारा सायन संक्रमणे मांडा. सायन म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तिथून) मोजलेले. तिथून सूर्याने दर 30 अंश ओलांडल्याची ही वेळ. चिनी नाव झोंगछी. तीही बीजिंगच्या वेळेत हवी. इथे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली आपली संक्रांत चालणार नाही: आपली मकरसंक्रांत जानेवारीत, सायन मकर 21-22 डिसेंबरला.

3. अकरावा महिना पक्का करा. सायन मकर ज्या महिन्यात, तो अकरावा. 21 डिसेंबर 2024 हा दिवस 1 डिसेंबरला लागलेल्या महिन्यात येतो, 21 डिसेंबर 2025 हा 20 डिसेंबरला लागलेल्या. पहिल्या अकराव्यापासून दुसऱ्याच्या आधीपर्यंत महिने मोजा: तेरा. म्हणजे एक अधिक. बारा भरले तर अधिक नाही, पुढचे शोधूच नका.

4. संक्रमण नसलेला पहिला महिना शोधा. सायन सिंह 22 जुलैला, सहाव्या महिन्यात. सायन कन्या 23 ऑगस्टला. मधला 25 जुलै ते 22 ऑगस्ट हा महिना रिकामा, म्हणून अधिक सहावा, म्हणजे सहाव्याचाच क्रमांक घेऊन त्याच्यामागून येणारा.

हमखास चूक इथेच होते. 23 ऑगस्टला कन्या संक्रमण पहाटे साडेचारच्या सुमारास झाले, अमावास्या दुपारी दोननंतर. आपल्या सवयीप्रमाणे क्षण ताडून पाहिले, तर संक्रमण आधीच्या महिन्यात जाते, पुढचा महिना रिकामा पडतो आणि उत्तर येते अधिक सातवा. चिनी नियमात घड्याळ नाही, तारीख पाहतात: दोन्ही एकाच दिवशी, तर संक्रमण नव्या महिन्याचे.

5. क्रमांक घाला. 1 डिसेंबरचा अकरावा, 31 डिसेंबरचा बारावा, 29 जानेवारी 2025 ला पहिला, म्हणजे नववर्ष. पुढचे नववर्ष अधिकामुळे लांबून 17 फेब्रुवारी 2026.

तिसरी पायरी गाळू नका. 1645 पासून या गणितात सूर्याची खरी गती घेतात. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने फिरते, त्यामुळे थंडीत एका महिन्यात दोन झोंगछी मावू शकतात आणि दुसरा एखादा महिना रिकामा राहतो. 2033 मध्ये 25 ऑगस्ट ते 22 सप्टेंबर हा महिना असाच रिकामा आहे, पण त्या मोजणीत बाराच महिने भरतात, म्हणून तो साधा आठवा. अधिक येतो 22 डिसेंबरपासून, अकराव्यानंतर. जुन्या काही छापील पंचांगांत मात्र 25 ऑगस्टचा रिकामा महिनाच अधिक सातवा म्हणून दिलेला सापडतो.

वेळेचा पट्टाही तपासा. व्हिएतनाममध्येही हेच गणित करतात, पण तिथे घड्याळ बीजिंगच्या एक तास मागे. 1984 चे सायन मकर तिथे 21 डिसेंबरला पडले, चीनमध्ये मध्यरात्र उलटून 22 ला, आणि 22 लाच अमावास्या होती. अकरावा महिना वेगळा ठरला. 1985 चे नववर्ष व्हिएतनाममध्ये 21 जानेवारीला आले, चीनमध्ये 20 फेब्रुवारीला.